शेजारच्या खुर्चीतला माणूस

"हा कान तुमचाच ना, काका?"

लॅपटॉपच्या पडद्यावर एक कान, अर्धा गाल आणि काळ्या कोटाची कॉलर थिजली होती. कानाला एका नटीचे ओठ जवळजवळ टेकले होते. खुर्चीवाल्यांनी हातोडी खाली ठेवली, वाकून पाहिलं आणि नकळत स्वतःचा कान चाचपला.

"माझाच. पाळीवर खोक आहे, ही बघा."

टीव्हीवाली मुलगी स्टुलावरून पडायचीच राहिली. "सापडले! काकू, सापडले!"

शिवणयंत्राची घरघर थांबली. जुन्या सोफा-खुर्च्यांना नव्यानं भरून द्यायचं हे दुकान. भरायचं काम काकांचं, खोळी शिवायचं काकूंचं. मुलीच्या बॅगेचा बंद तुटलेला बघून काकूंनी तो न विचारताच यंत्राखाली घेतला होता. तोंडात टाचण्या धरून बोलायची त्यांना सवय होती.

"काय सापडलं? यांचा कान? तो कधी हरवला होता?"

मुलगी हसली. मग स्टूल पुढे ओढून तिनं सगळं सांगितलं. कित्येक वर्षांपूर्वीच्या एका चित्रपट पुरस्कार सोहळ्यावर टीव्हीवर कार्यक्रम होणार होता. त्या सोहळ्यात सर्वोत्कृष्ट अभिनेत्री म्हणून पडद्यावरच्या या मॅडमचं नाव पुकारलं गेलं. त्या उठल्या, शेजारच्या माणसाला मिठी मारली, त्याच्या कानात काहीतरी म्हणाल्या. मग स्टेजवर जाऊन सोनेरी बाहुली घेतली, भाषण न करताच पडद्यामागे गेल्या आणि त्यानंतर कुणालाच दिसल्या नाहीत.

"कुणी म्हणतं परदेशी गेल्या. कुणी म्हणतं वेड लागलं."

"वेडच लागलं असणार," काकू म्हणाल्या. "चेहऱ्याला केवढा रंग फासलाय! आत माणूस आहे की भिंत, कळत नाही."

"तेव्हा पद्धतच होती, काकू. पण डोळे बघा ना."

"बघितले. झोप झालेली दिसत नाही."

मुलगी काकांकडे वळली. "तुम्ही कोण होता मॅडमचे?"

"मी? कोणी नाही. मी खुर्ची भरायचो." काका ओशाळं हसले. "कॅमेऱ्याला रिकामी खुर्ची खपत नाही. बडी मंडळी सिगारेट ओढायला उठली, की आम्ही भाड्याचा कोट घालून तिथे जाऊन बसायचं. ते परतले की उठायचं. तेव्हा खुर्च्या वरून भरायचो, आता आतून भरतो."

"आणि नेमके मॅडमच्या शेजारी?"

"दरवर्षी तीच रांग वाट्याला यायची. शेजारी तिचा निर्माता. त्याला सिगारेटचं भारी वेड. समारंभभर तो बाहेर नि मी आत."

"म्हणजे ओळख झाली असेल!"

"बोलायची बंदी होती आम्हाला."

मुलीनं एक श्वास घेतला. "काका, उद्या कॅमेरा घेऊन येऊ? एवढंच सांगायचं, त्या कानात काय म्हणाल्या. माझा पहिलाच कार्यक्रम आहे हो. जमला नाही तर साहेब दुसऱ्या कुणाला देतील."

काका विरघळले. ते विरघळायला लागले की मान तिरकी करायचे. काकूंनी ती तिरकी मान बघितली.

"कॅमेरा नको," त्या म्हणाल्या. "उद्या दारात बाजार भरेल. यांचं तोंड दिसलं की जो तो इथे चौकशीला. आम्ही दोघं निवांत आहोत, पोरी. तेवढं राहू दे."

"पण काकू, मॅडमना शोधायचा हा एकच धागा आहे. काय सांगावं, काकांनीच पळवलं असेल त्यांना!"

"यांनी?" काकू खळखळून हसल्या. "यांना मांजर दाराबाहेर काढता येत नाही."

काकांनाही हसावं लागलं. मुलगी मात्र जागची हलेना. बोट पडद्यावरच्या त्या ओठांवर ठेवून बसून राहिली. "निदान मला तरी सांगा. काय म्हणाल्या?"

काकांनी बायकोकडे बघितलं. "सांगू का गं?"

"सांगा की. लांबून आलीये बिचारी."

काकांनी घसा साफ केला. काथ्याची एक गुंडी उगाच उलगडली, पुन्हा गुंडाळली.

"म्हणाली, ‘उठा हो, माझ्या झग्यावर बसलाय तुम्ही.’"

"काय?"

"लांब झगा होता. मी बसलो त्याच्या घोळावर. मिठीबिठी काही नाही, झगा ओढून काढत होती ती."

मुलगी आधी हसली आणि मग तिचा चेहरा पडला. फोन घेऊन ती दाराबाहेर गेली. काकूंनी बंदावर दुहेरी टाके घातले, तरी ती येईना. आली तेव्हा मात्र बरीच सावरलेली होती.

"साहेब म्हणाले, आपण ‘काय होतं ते वाक्य?’ अशी जाहिरात करून बसलोय, आता लोकांना झगा काय दाखवायचा? माणूस सापडलाच नाही असं सांगून टाक."

"आणि तुझा कार्यक्रम?"

"होईल की. लोकांना कोडं आवडतं. झगा नाही."

"मग झालं तर." काकूंनी बॅग तिच्या खांद्याला अडकवली, बंद दोनदा ओढून बघितला. "आता ही तुझ्या लग्नापर्यंत तुटत नाही."

मुलगी कोपऱ्यावरून वळेपर्यंत दोघं दारात उभी होती.

"चांगली होती गं पोर," काका म्हणाले. "वाईट वाटलं."

"वाईट मला वाटायला हवं. झगा म्हणे!" काकू म्हणाल्या. "‘मागच्या दारापाशी थांबा, एवढी बाहुली घेऊन आलेच,’ असं म्हणाले होते मी."