खांबाच्या अलीकडे

फिरायला जाताना लावायचं ॲप निवडताना मृणालिनीबाईंनी वजन घटवणारी, पदकं देणारी सगळी बाजूला सारली आणि फोनमधल्या जुन्या फेऱ्यांच्या नोंदींतून माणसाची चाल ऐकवणारं घेतलं. आता रोज सकाळी तळ्याकाठी चालताना वारलेल्या यजमानांची पावलं कानात वाजत, उजवा पाय किंचित घासत. ते मागे पडू नयेत म्हणून बाई बेतानं चालत.

टोकाच्या दिव्याच्या खांबाला हात लावूनच परतायची इथल्या सगळ्यांची रीत. पण यजमानांची शेवटची नोंद खांबाच्या जरा अलीकडेच तुटली होती.

"लक्ष्य अपुरं. साथीदार बदलायचा?" ॲपनं विचारलं. बाई माघारी वळल्या.

"वहिनी, खांब राहिला की," समोरून येणारे गलगलीकाका म्हणाले.

"राहू दे. ह्यांना इथं दम लागतो."

परतीच्या वाटेवर कानात काहीच वाजत नव्हतं. तरी बाई बेतानंच चालल्या.