वर न जाणारा हात

न्हाणीच्या पत्र्याआड थोरलीचा उजवा हात वर जाईना. आठवड्यापूर्वीच कामावर आलेली तिची धाकटी जाऊ डोक्यावर पाणी ओतायला आत गेली आणि तांब्या तसाच धरून उभी राहिली. थोरलीच्या छातीवर, काखेलगत, लिंबाएवढी गाठ होती. वरची कातडी आत ओढल्यासारखी.

"कधीपासून?"

"असेल सहा-सात महिने. दुखत नाही गं. बोभाटा करू नकोस."

धाकटी ओल्या हातांनीच शेडमध्ये गेली. टोमॅटो तोडणाऱ्या बायका जेवायला बसल्या होत्या. त्यांतल्या सगळ्यांत वयस्कर मावशीला तिनं बाजूला घेऊन सांगितलं.

"ठाऊक आहे मला," मावशी म्हणाली. "गळ्याची शपथ घातलीय तिनं."

जवळच जेवत बसलेल्या एकीनं ते ऐकून घास खाली ठेवला. "तुम्हालाही?"

मग एकेक करत सगळंच बाहेर आलं. शेडमधल्या सातही जणींना ठाऊक होतं, आणि प्रत्येकीला वाटत होतं, फक्त आपल्यालाच सांगितलंय. एक तिला लेप करून द्यायची. एक आपल्या कंबरेच्या गोळ्यांतल्या अर्ध्या तिला द्यायची. बाकीच्या मुकादमाची नजर चुकवून तिचे क्रेट उचलायच्या, वरची फळं तोडायच्या. इतक्या महिन्यांत तिची ओळ एकदाही मागं पडली नव्हती.

"आणि दवाखाना?"

"एक खाडा झाला तर मुकादम घरी पाठवतो. मग खायचं काय, म्हणाली." मावशीचा आवाज चढला. "जिवाला जीव दिला गं आम्ही."

"पण जीव तिचा चाललाय, मावशी."

ताटं तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी एकही बाई शेतात गेली नाही. थोरलीला घेऊन भाजीच्या टेम्पोत बसून सगळ्या मोठ्या दवाखान्यात आल्या. डॉक्टरीणबाईंनी गाठ चाचपली, काख चाचपली, मग मानेजवळ बोटं नेली आणि ती तिथंच थांबली. हात धुताना त्या बराच वेळ पाठमोऱ्या राहिल्या.

"इतके महिने गप्प का बसलात? बरोबर राहणाऱ्या एवढ्या बायका आहेत. कुणाला सांगायचं तरी."

सातही जणी दारात उभ्या होत्या. थोरलीनं डाव्या हातानं पदर सारखा केला.

"नाही सांगितलं, बाई. ह्यांना कालच कळलं."

मावशीनं दाराची चौकट घट्ट धरली.