सोळा दिव्यांचं मशीन

"नाही भेटत, काकू. मुंबईले लिवलं, बंगलोरले लिवलं. ते चिप आता कोनी बनवूनच नाही राहिलं," विश्वनाथनं हात टेकले.

सिंधूताई फाटकापर्यंत आल्या होत्या, घरात आवाज जाऊ नये म्हणून. "काईही करा, पन मशीन चालू करून द्या," त्या म्हणाल्या. "तीन हप्ते झाले, धड जेवून नाही राहिले हे."

त्यांचे यजमान आनंदराव सरांनी ते कॉम्प्युटर अठ्ठ्याहत्तर साली कॉलेजात स्वतःच्या हातानं जोडलं होतं. पडदा नाही, टाइप करायला काही नाही. समोर स्विचांची रांग आणि वर सोळा लाल दिवे. स्विच वरखाली करून आकडे भरायचे, उत्तर दिव्यांत वाचायचं. विश्वनाथ सोल्डरिंग शिकला तो त्याच मशीनवर. आता दहा वर्षांनी जरीपटक्यात त्याचं दुकान होतं, नवेकोरे पीसी जोडून द्यायचं. तरी जीव अडकला होता तो त्या सोळा दिव्यांत.

एकट्याचाच नाही. दर रविवारी जुने चार-पाच विद्यार्थी प्रताप नगरला सरांच्या घरी, आता तिथंच असलेल्या मशीनभोवती जमत. चिवडा, चहा आणि जुन्या गोष्टी. सर मशीनशेजारी एक ट्रान्झिस्टर रेडिओ ठेवत. मशीन चाललं की रेडिओ घरघरायचा, आणि त्या घरघरीवरून सर बेरीज बरोबर आली की चुकली ते सांगत. सगळ्यांना त्याचं भारी कौतुक. सरांची बोटं स्विचांवर पेटीवाल्यासारखी फिरत, मान भलतीकडेच.

"सर, दिव्यायकडं पाहा तरी," त्यांच्यातला चंपतराव म्हणायचा.

"दिवे तुमच्यासाठी हायेत गा," सर हसायचे.

मग तीन आठवड्यांपूर्वी गेलेली लाइट झटक्यानं आली आणि मशीनचा मेंदूच जळाला. तेव्हापासून सर खुर्चीत नुसते बसून असत. ज्यांनी बोटाला धरून विद्या दिली त्यांना एक चिप आणून देता येऊ नये, या विचारानं विश्वनाथला स्वतःची लाज वाटत होती.

"एक उपाय हाय," तो म्हणाला. "आतला मदरबोर्ड मी नवा टाकतो. डबा तोच, स्विच तेच, दिवे तेच. डोळ्याले सगळं जुनंच दिसन. सरायले सांगायचं नाही."

"आन् आवाज?" सिंधूताईंनी विचारलं. "रेडिओचा?"

विश्वनाथला हसू आलं. काकूंना मशीनमधलं काय कळणार?

"त्याची काळजी नका करू. नवं मशीन पाचपट जोरात पळते."

सिंधूताई काहीतरी बोलणार होत्या. पण आतून सरांनी हाक मारली आणि त्या लगबगीनं गेल्या.

विश्वनाथनं मशीन दुकानात नेलं आणि आठवडाभर दुकानाचं दुसरं काम हातात घेतलं नाही. नव्या बोर्डाला जुना हिरवा रंग दिला. जळालेली चिप वर शोभेला बसवली. सरांच्या अक्षरातली कागदी चिठ्ठी जुन्या बोर्डावरून अलगद सोडवून नव्यावर डकवली. दुधाची तहान ताकावर, पण ताक तरी दुधासारखं दिसलं पाहिजे.

रविवारी तो मशीन घेऊन पोचला तेव्हा मंडळी जमली होती.

"कोन, विश्वनाथ?" सर खुर्चीतूनच म्हणाले.

"हो सर. आनलं."

सिंधूताईंनी सरांच्या हातातला कप काढून घेतला. विश्वनाथनं मशीन समोर ठेवून झाकण उघडलं. सर पुढं वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले, बोटं बोर्डावरून फिरत राहिली. विश्वनाथ हातातल्या झाकणाचे स्क्रू मोजू लागला. गुरूला फसवायची ही पहिलीच वेळ.

सर सरळ झाले. "काम साफ केलं," एवढंच म्हणाले.

विश्वनाथचा जीव भांड्यात पडला. पकडलं नाही.

सरांनी आधी रेडिओ लावला, मग मशीन. सोळाही दिवे एकदम उजळले. चंपतरावनं टाळी वाजवली. "अगदी पयल्यासारखं, सर."

रेडिओतून घरघर आली नाही. एक बारीक शिट्टी आली, सरळ, न तुटणारी.

सरांनी आकडे भरले. दिव्यांत उत्तर आलं, बिनचूक. शिट्टी होती तशीच. सरांनी रेडिओची कळ फिरवली, रेडिओ उचलून कानाशी धरला. पुन्हा आकडे भरले. शिट्टीत काही बदल नाही. त्यांची बोटं स्विचांवर थांबली.

मंडळी चिवड्याकडे वळली होती. सिंधूताई दारात उभ्या होत्या, पदर तोंडाशी धरून.

सरांनी हवेत हात चाचपून विश्वनाथचं मनगट पकडलं, त्याला जवळ ओढलं आणि कोणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात विचारलं, "विश्वनाथ, दिवे लागले का गा?"