खांद्यापर्यंतचे फोटो

फोटोवालीने दोन्ही फोटो कुटुंब न्यायालयातल्या समुपदेशक बाईंच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि बोटाने सरळ केले. दोन्ही एकाच मापाचे. दोन्हींत तिची सात वर्षांची बबडी, खांद्यापर्यंत. डावीकडची बबडी खदखदून हसत होती. उजवीकडची तोंड पाडून खाली बघत होती.

“हा माझ्या घरचा,” ती म्हणाली, “आणि हा ह्याच्या घरचा.”

‘हा’ म्हणजे बबडीचा बाप. तो पलीकडच्या खुर्चीत बसला होता. त्याने घर सोडल्याला वर्ष झालं होतं. आपलं पटत नाही, एवढं एकच वाक्य बोलून तो दोन बॅगा घेऊन निघून गेला होता, भाड्याची खोली बदलावी तसा. भांडलासुद्धा नाही. भांडला असता तर तिनेही चार शब्द सुनावून मन मोकळं केलं असतं. ते चार शब्द वर्षभर तिच्या घशाशी अडकून होते. आता त्याच्याकडे बबडीचे शनिवार-रविवार तेवढे उरले होते, आणि आज तिला तेच काढून घ्यायचे होते. लेकीसाठी करतेय, असं ती सगळ्यांना सांगायची. खरं तर तिला त्याला रिकाम्या घरात बसलेला बघायचं होतं, ती बसली होती तसा.

चेहऱ्यांच्या बाबतीत तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. वीस वर्षं ती पासपोर्टचे फोटो काढत आली होती. कोण नुसतं ओठांनी हसतंय आणि कोण डोळ्यांनी, हे तिला कॅमेऱ्यामागून कळायचं. तिने बाईंना ते नीट समजावून सांगितलं. डावीकडे डोळ्यांच्या कडा बघा, गाल बघा, असं हसू सांगून आणता येत नाही. उजवीकडे हनुवटी बघा, रडू दाबलंय पोरीने. दोन्ही फोटो तिनेच मोबाइलवर टिपले होते आणि दुकानात बसून साफ केले होते. मागची भिंत पांढरी केली, खांद्यांवरचे पट्टे पुसले, खांद्यांखालचं सगळं कापून टाकलं. गिऱ्हाइकांचे करायची तसंच. बघणाऱ्याची नजर चेहऱ्यावरच राहायला हवी.

बाईंनी चष्मा वर-खाली करून दोन्ही फोटो बघितले. फरक तर दिसतोय, असं त्या म्हणाल्या. तेवढ्यावर फोटोवालीने आग्रहच धरला, की दोन्हींवर शिक्का मारा आणि कागदपत्रांना जोडा, मागाहून कुणी कानावर हात ठेवायला नको. बाईंनी शिक्के मारले. तो ठप्प ठप्प आवाज तिला फार गोड लागला.

मग बाईंनी बापाला विचारलं, तुम्हाला काही म्हणायचंय का. त्याने फोटो हातात घेतले. उजवीकडच्या फोटोवर त्याची नजर बराच वेळ थांबली. मग त्याने तो होता तसा खाली ठेवला आणि नाही म्हणून मान हलवली.

त्याचं ते गप्प बसणं तिच्या डोक्यात गेलं. जाताना गप्प, आजही गप्प. नुसतं जिंकून तिचं पोट भरणार नव्हतं. त्याने ते लेकीच्या तोंडून ऐकायला हवं होतं.

“बबडीलाच बोलवा ना,” ती म्हणाली. “बाहेर बाकावर बसलीय. तिलाच विचारा, कुठे हसते आणि कुठे रडते.”

बाप पहिल्यांदाच खुर्चीत पुढे सरकला.

“तिला नको ह्यात,” तो म्हणाला. “फोटोवरून जे दिसतंय ते लिहा. मी सही करतो.”

टरकला, ती मनात म्हणाली. वर्षभरात पहिल्यांदाच तिला इतकं बरं वाटलं. बाईंनी तिला समजावून बघितलं, की ते सही करायला तयार आहेत, विषय इथेच मिटतोय, मग लेकराला कशाला मध्ये आणता. पण ती हट्टाला पेटली होती. ती स्वतःच उठली आणि बबडीला हाताला धरून आत घेऊन आली.

बबडीच्या हातात निळा खडू होता. तिने आईच्या खुर्चीकडे पाहिलं, बाबाच्या खुर्चीकडे पाहिलं आणि टेबलाच्या बरोबर मधोमध येऊन उभी राहिली. आईने फोटो तिच्यापुढे सरकवले.

“सांग बरं काकूंना. ह्यात तू का हसतेयस, आणि ह्यात का तोंड पाडलंयस? खरं खरं सांग, कुणी रागावणार नाही.”

बबडी फोटोंवर वाकली. तिने आधी एका फोटोतला खांदा बोटाने चाचपून पाहिला, मग दुसऱ्यातला.

“आई, माझी सॅक कुठे गेली?”

“पुसली गं ती मी. फोटोत चांगली नाही दिसत.”

“पण दोन्हीत होती,” बबडी म्हणाली.

बापाने मान फिरवली आणि तो खिडकीकडे बघू लागला. बबडीने खडू टेबलावर ठेवला आणि शाळेत धडा वाचतात तसं एकेका फोटोवर बोट ठेवून काकूंना समजावून सांगितलं.

“हा आमच्या दारातला, बाबा न्यायला आला तेव्हाचा. आणि हा बाबाच्या दारातला, आई न्यायला आली तेव्हाचा.”