डोक्यातली साफसफाई

"म्हणजे हिच्या डोक्यात सफाई कामगार आहेत?" पेठेकाकांनी बायकोकडे बघत डॉक्टरीणबाईंना विचारलं.

"तसंच समजा. मेंदूतल्या या पेशी एरवी जंतू मारतात, कचरा उचलतात. काकूंच्या मेंदूत त्या चेकाळल्यात. कचऱ्याबरोबर चांगल्या जोडण्याही उचलून टाकतायत, म्हणून तर काकू विसरतात."

"मग त्या पेशी हिच्यावरच गेल्यात!" काका उसळले. "दर दिवाळीला आवराआवरीचं हिच्या अंगात येतं. माझा लग्नातला कोट बोहारणीला देऊन पातेलं घेतलंन्, तेही गळकं! माझी कवळी वाचली ती तोंडात होती म्हणून."

काकूंचं लक्षच नव्हतं. त्या पदरानं डॉक्टरीणबाईंचं टेबल पुसत होत्या.

"काकू, हे कोण?" डॉक्टरीणबाईंनी काकांकडे बोट दाखवलं.

काकूंनी त्यांना टकलापासून चपलांपर्यंत न्याहाळलं, जुने कपडे निवडताना न्याहाळायच्या अगदी तसं.

"नाव काही आठवत नाही बाई," काकू म्हणाल्या आणि त्यांनी काकांची बाही घट्ट धरली. "पण हे बोहारणीला द्यायचे नाहीत."