आत्याचं मागणं

फाटकाशी व्हॅन थांबली आणि लुपेच्या हातातलं पेन थांबलं. कालोलाइने वन्सं उतरत होत्या. लुपेला सोडून गेलेल्या नवऱ्याची ही थोरली बहीण. व्हॅन मागून रिकामी होती. म्हणजे काहीतरी न्यायला आल्या होत्या.

टोंगा बेटांवर आत्याला नाही म्हणत नाहीत. भावाच्या घरातलं जे तिच्या मनात भरेल ते तिचं. वाढदिवसाचा केक तिला, लग्नातली सगळ्यांत देखणी चटई तिला, आणि मनात आलं तर वाढवायला भावाचं मूलही तिला. भावाचा संसार मोडला म्हणून मुलांची आत्या मोडीत निघत नाही.

तिचा नवरा सेमिसी दुसरीबरोबर ऑकलंडला गेला त्याला पाच महिने झाले होते. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे ठीक. पण त्यानं अर्धं अंथरूणच फाडून नेलं होतं. उरला होता बंदराच्या कचेरीतला लुपेचा एकटीचा पगार. दुपारपासून ती महिन्याच्या खर्चाची वही घेऊन बसली होती. चर्चच्या वर्गणीला कात्री लावली, मग पिठाला, मग विजेला. तरी मेळ बसेना. शेवटी तिनं सोळा वर्षांच्या लेकीच्या, एलेनोआच्या शाळेच्या फीवर काट मारली होती. पुढच्या महिन्यापासून पोरगी कोपऱ्यावरच्या दुकानात कामाला जाणार होती. तिला अजून सांगितलेलं नव्हतं.

वन्सं आत येऊन चटईवर बसल्या. त्या बसल्या की खोलीतलं माणूस आपोआप ताठ व्हायचं, तशी लुपेही झाली. एलेनोआनं खाली मान घालून शहाळं पुढं ठेवलं. वन्संनी भावाचं नावसुद्धा काढलं नाही. लुपेनं न विचारताच गादी उचलून खालच्या चटया दाखवल्या. त्यांनी नुसती मान हलवली. मग फ्रीजरकडे पाहिलं, आणि मग उघड्या वहीकडे.

"वाच गं," त्या एलेनोआला म्हणाल्या. "चष्मा बाजारात राहिलाय माझा."

लुपेला वही मिटताही आली नाही. एलेनोआ हळू आवाजात वाचत गेली. भाडं, वीज, गॅस, पीठ. शेवटच्या ओळीशी ती अडखळली.

"माझी शाळा," ती म्हणाली. "यावर काट आहे, आत्या."

लुपेला पोरीकडे बघवेना.

वन्संनी एलेनोआला हाताला धरून जवळ बसवलं. आपण हिलाच मागायला आलो, असं त्यांनी सांगितलं. लुपेच्या घरातलं खाणारं एक तोंड कमी होईल, पोरगी त्यांच्याकडं दोन घास खाईल. व्हॅन तिच्या गादीसाठी आणि कपड्यांसाठी होती.

"वन्सं, फ्रीजर न्या," लुपे म्हणाली. "चटया न्या, सगळं घर न्या. पोर नाही देणार मी."

बोलून झाल्यावर आपण काय बोललो हे तिला कळलं. तिच्या आईनं, आजीनं 'नाही' हा शब्द कधी आत्याबाईपुढं उच्चारला नव्हता. वन्संच्या चेहऱ्यावर राग शोधूनही तिला सापडेना.

"बरं," त्या म्हणाल्या. "मग दुसरं मागते."

त्यांनी वही ओढून घेतली आणि काट मारलेल्या ओळीवर बोट टेकवलं. अळकुड्या सोलून सोलून काळवंडलेलं, जाड बोट.

"हे मला हवं. शाळा संपेपर्यंत ही फी माझी."

लुपे थक्क होऊन त्या बोटाकडे बघत राहिली. वन्संचा बाजारातला अळकुड्यांचा गाळा केवढासा, हे तिला ठाऊक होतं. ज्या दिवशी अळकुड्या खपत नाहीत त्या दिवशी त्या त्याच उकडून खातात, हेही ठाऊक होतं. मागायचा एवढा मोठा हक्क, आणि या बाईनं मागून मागितलं काय, तर ओझं.

"वन्सं, तुमचं तुम्हालाच पुरत नाही," ती कशीबशी म्हणाली. "हे मी कसं देऊ?"

वन्संनी वहीचं ते पान फाडून घडी केली आणि कमरेला खोचलं.

"एका दुपारी दोनदा नाही म्हणणार होय गं मला?"