बयामामीचा फोन

तव्यावर भाकरीचा कोळसा झाला होता आणि घरात कोणी नव्हतं.

यशराजने आधी भाकरी उतरवली. मग ओसरीवर येऊन पुन्हा हाक मारली, "मामा! ओ मामा!" हाक धुक्यात विरली. शेजारच्या घराचं दार सताड उघडं होतं. त्याच्या पलीकडच्याचंही. बारा उंबऱ्यांची वाडी, भर दुपारची वेळ, आणि माणूस दिसेना. एवढी परकी गाडी येऊन थांबली, पण कुत्रंसुद्धा भुंकलं नाही.

"लग्नाबिग्नाला गेले असतील सगळे," त्याची बायको प्रियदर्शिनी म्हणाली.

"आषाढात?"

तिने शेजारच्या घरात डोकावून पाहिलं आणि पटकन मागे सरली. आत ताट वाढलेलं होतं. कालवलेल्या भातात बोटांचे ठसे तसेच होते. कोणीतरी घास उचलता उचलता उठून गेलं होतं.

सहा वर्षांची इरा तेवढी खुशीत होती. मस्कतमध्ये वाढलेल्या पोरीने हाताला लागणारे ढग कधी पाहिले नव्हते. दर जुलैला शाळेला सुट्टी लागली की ते महाडला यायचे, यशराजच्या आईकडे पंधरा दिवस राहायचे. या खेपेला त्याने भावाची गाडी घेतली होती. पोलादपूर सोडल्यापासून दिसेल त्या धबधब्याला थांबत, फोटो काढत ते घाट चढत आले होते. मामाच्या वाडीवर न कळवता जायचं, म्हाताऱ्याला चकित करायचं, असा बेत होता. वडील गेल्यावर याच भागोजीमामाने यशराजला वाढवलं होतं. नऊ वर्षांपूर्वी तो मस्कतला निघाला तेव्हा विमानतळावर सोडायला एकटा मामाच आला होता. आत सोडत नाहीत म्हणून काचेच्या दाराबाहेर दोन तास उभा राहिला होता.

यशराज घरातून परसात जायला निघाला. मागचं दार उघडेना. कडी काढली, खांदा लावला, तरी नाही. मग त्याच्या लक्षात आलं, चौकटच तिरकी झाली होती. दाराच्या फटीतून पाणी आत येत होतं. लाल, दाट पाणी.

"बाबा, हे बघ!" अंगणातून इरा ओरडली. "मी इकडे, मी तिकडे!"

अंगणाच्या मधोमध एक भेग गेली होती. हाताचा पंजा आत जाईल एवढी. ती गोठ्याच्या भिंतीतून वर चढून धुक्यात शिरली होती. इरा त्या भेगेवरून इकडून तिकडे उड्या मारत होती.

तेवढ्यात घरात फोन वाजला.

चुलीवरच्या फळीवर मामाचा जुना मोबाईल होता. यशराजने धावत जाऊन उचलला.

"अवो, कुठं हाव तुम्ही? कवापासून लावतेय—" बयामामीचा आवाज होता. मागे पोरं रडत होती, गलका होता.

"मामी, मी यशराज. आम्ही वाडीवर आलोय. तुम्ही कुठे आहात सगळे?"

पलीकडे मामीने फोनवर हात दाबला असावा; गलका एकदम बंद झाला. फोन कट झाला असं त्याला वाटलं.

"यशा," मामी हळूच म्हणाली. "संगं कोण हाय?"

"प्रिया आहे. इरा आहे."

मग मामी बोलली तेव्हा तिचा आवाज अगदी सरळ, सपाट होता. "नीट ऐक. डोंगर फाटलाय. आमी सगळी पायवाटेनं खाली उतरलो, शाळेत हाव. गाडीत बस नि निघ. आत्ता. पोरीची चप्पल राहिली तरी रहू दे."

"आणि मामा?"

"हितंच हायती. माझ्या बाजूला. पोरं मोजतायत."

"दे ना जरा त्यांना—"

"बोलायला वेळ हाय का आता? निघ, बाबा, निघ!"

त्याने इराला काखोटीला मारलं. प्रियदर्शिनी अनवाणीच धावली. गाडी वळवताना चाक चिखलात फिरलं, पुन्हा फिरलं, मग सुटलं. तिसऱ्या वळणावर मागे आवाज झाला. शंभर ट्रक एकदम दगड ओतताहेत असा. गाडीखालचा रस्ता थरथरला. आरशात यशराजला फक्त पांढरं धुकं दिसलं, मग ते लाल झालं.

खालच्या गावातल्या शाळेच्या व्हरांड्यात सगळी वाडी उभी होती. बायका, पोरं, पाठीवर आणलेली म्हातारी माणसं. सगळ्यांची तोंडं डोंगराकडे. गाडी थांबली तशी गर्दी बाजूला झाली. मामी पायरीवर बसली होती. हातात कुणाचा तरी फोन घट्ट धरलेला.

यशराज तिच्या पायाशी बसला. "वाचवलंस, मामी," एवढंच त्याला म्हणता आलं.

मामीने इराला जवळ ओढलं. तिच्या पायांवरचा लाल चिखल पदराने पुसला. एक पाय, मग दुसरा. सावकाश.

यशराजने गर्दीवरून नजर फिरवली. एकदा. दोनदा. "मामा कुठायत?"

कोणीच त्याच्याकडे पाहिलं नाही. मामीनेही मान वर केली नाही.

"म्हशी सोडायला परत वर गेलं ते, वरच्या गोठ्यावर," ती म्हणाली. "तुला सांगितलं असतं, तर तू थांबला असतास."